माफीनाम्यावरची सही

मी एकदा शपथेवर खोटं बोललोय. तेही हायकोर्टात. टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र, खाली माझी सही, बाजूला नोटरीचा शिक्का. त्या खोट्याबद्दल मला शिक्षा झाली नाही. उलट शिक्षा टळली. खरं लिहिलं असतं तर कदाचित आत गेलो असतो.

हे कोडं मला अजून सोडत नाही. म्हणून लिहितोय. ज्यांच्या वस्तीत अजून झाडू उचलला जातो त्यांनी तरी हे वाचावं.

गोष्ट २००३ नंतरच्या दिवसांतली. आमच्या गावची नगरपालिका. रस्ता झाडणारे, गटार काढणारे, कचऱ्याच्या गाडीवरचे, सगळे कंत्राटावर. सगळे आपल्याच वस्त्यांतले. तीन महिन्यांचा पगार तुंबलेला. हातमोजे नाहीत, गमबूट नाहीत, पावसाळा तोंडावर. कंत्राटदार म्हणायचा, पालिकेनं बिल काढलं नाही. पालिका म्हणायची, तुमचा मालक कंत्राटदार, त्याला विचारा. अर्ज झाले, निवेदनं झाली, साहेबाच्या दारात बसणं झालं. मग संप झाला. मी युनियनचा चिटणीस. चिटणीस म्हणजे काय, तर बारावीपर्यंत शिकलेला, म्हणून अर्ज लिहिणारा.

पाचव्या दिवशी हायकोर्टाचा तूर्तातूर्त हुकूम आला. चोवीस तासांत कामावर हजर व्हा. पालिकेच्या शिपायानं मुकादम चौकीच्या दारावर कागद चिकटवला. इंग्रजी कागद. भोवती दीडशे माणसं, आणि वाचणारा मी. गर्दीत माझी आईही होती. तीस वर्षं झाडू मारलेली.

"काय म्हनतो रं कागुद?"

"कामावर जा म्हणतो, आई. उद्या सकाळपर्यंत."

"आन् पगाराचं?"

मी पान उलटून बघितलं. "पगाराचं काही नाही."

"मंग तू अर्धाच वाचलास."

मी पूर्ण वाचला होता. हुकूमच अर्धा होता.

आम्ही आणखी तीन दिवस बसलो. चौथ्या दिवशी एका महिन्याचा पगार पडला आणि झाडू परत रस्त्यावर आले. पंधरा दिवसांनी अकरा जणांच्या नावानं अवमानाच्या नोटिसा आल्या. पहिलं नाव माझं. त्यात सहा बाया.

आमचा वकील पैसे न घेणारा, भला माणूस. त्यानं कागद तयारच ठेवला होता. केलेल्या कृत्याचा मनापासून पश्चात्ताप होत आहे, चूक झाली, बिनशर्त माफी मागतो, पुन्हा होणार नाही. म्हणाला, "सही कर. जज्जसाहेब चार शब्द सुनावतील आणि सोडून देतील. उगं हिरो बनू नकोस. तुझ्यामागं दहा जणं आहेत."

मी सही केली. बायांनी अंगठे दिले. आईनंही दिला. मला पश्चात्ताप नव्हता. त्या दहांतल्या एकालाही नव्हता. तीन महिने उपाशी राहून काम केल्याचा पश्चात्ताप होता, पण तो त्या कागदात नव्हता.

आता माझा प्रश्न. कोर्टाचा अवमान नक्की कधी झाला? तीन दिवस झाडू खाली ठेवला तेव्हा? का कोर्टापुढं शपथेवर धादांत खोटं लिहिलं तेव्हा?

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. आपल्या १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात दोन खण आहेत. हुकूम जाणूनबुजून मोडला तर दिवाणी अवमान. कोर्टाची बदनामी केली, न्यायाच्या कामात अडथळा आणला तर फौजदारी अवमान. दोन्हींना वरची मर्यादा सारखीच: सहा महिने कैद, दोन हजार रुपये दंड. अमेरिकेत रेघ दुसरीकडं ओढलीय. उद्यापासून हुकूम पाळ म्हणून दाबायला केलेली शिक्षा ती दिवाणी. काल मोडलास, त्याची किंमत भर म्हणून केलेली शिक्षा ती फौजदारी. नावं काहीही द्या, संपवाल्याला तुरुंगाचं दार सारखंच दिसतं.

एक गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे. आमचा अवमान झाला, जातीवरून शिवी दिली, तर १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा विचारतो, चारचौघांच्या नजरेसमोर झालं का? साक्षीदार कोण? पंच कोण? आणि कोर्टाचा अवमान झाला तर ज्याचा अवमान झाला तोच निवाडा करायला बसतो. मी कोर्टाला शिव्या देण्यासाठी हे लिहीत नाही. दोन अवमानांची वजनं वेगळ्या तराजूत होतात, एवढंच दाखवतोय.

आपण पहिले नाही. अमेरिकेत १९४६ साली जॉन लुईस नावाचा खाणकामगारांचा पुढारी होता. कोळशाच्या खाणी त्या वेळी सरकारनं ताब्यात घेतलेल्या. कोर्टानं हुकूम दिला, संप थांबवा. कामगार खाणीत उतरले नाहीत. वॉशिंग्टनच्या जज्जनं युनियनला ३५ लाख डॉलर आणि लुईसला १० हजार डॉलर दंड ठोकला. मार्च १९४७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं दंड ७ लाखांवर आणला, बाकीचा युनियन पुढं नीट वागते का यावर टांगून ठेवला. पण तत्त्व कायम केलं: हुकूम चूक असो, बरोबर असो, वरच्या कोर्टात रद्द होईपर्यंत पाळायचाच. आधी पाळा, मग भांडा. कामगारांच्या भांडणात कोर्टांनी ऊठसूट मनाई हुकूम देऊ नयेत म्हणून १९३२ साली तिथं खास कायदा झाला होता. खाणी सरकारच्या ताब्यात आहेत, म्हणून तो इथं लागू नाही, असं कोर्ट म्हणालं.

हा "आधी पाळा" नियम पुढं कुणाच्या डोक्यावर पडला? काळ्या लोकांच्या. एप्रिल १९६३, अलाबामातलं बर्मिंगहॅम शहर. मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या साथीदारांनी मोर्चा काढू नये असा मनाई हुकूम एका जज्जनं काढला. १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांनी तो उघड मोडला. फौजदारी अवमानाबद्दल पाच दिवस कैद आणि ५० डॉलर दंड झाला. १९६७ साली सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी ती शिक्षा कायम केली. आधार कुठला घेतला? कॅन्सासमधल्या एका खाणकामगार पुढाऱ्याच्या संपाचा, १९२२ चा निकाल. कोळशाच्या खाणीत घडवलेली बेडी काळ्यांच्या मोर्चाला बरोबर बसली. गंमत पुढं आहे. ज्या शहरी नियमाच्या जोरावर मोर्चा अडवला तो नियमच १९६९ साली त्याच सुप्रीम कोर्टानं घटनाबाह्य ठरवला. तोपर्यंत किंग तुरुंगात जाऊन आले होते, आणि त्यांचा खूनही झाला होता.

तो खून सफाई कामगारांच्या संपात झाला, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? १ फेब्रुवारी १९६८. मेम्फिस शहर. पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत बसलेले दोन काळे कामगार कचरा दाबायच्या यंत्रात चिरडून मेले. १२ तारखेला तेराशे कामगारांनी संप केला. 'मी माणूस आहे' असे फलक त्यांनी पुढं गळ्यात अडकवले. पगारवाढीच्या मागणीआधी हे सांगावं लागलं. तिथं सरकारी नोकराचा संप बेकायदा. कोर्टाचा मनाई हुकूम आला, पुढाऱ्यांवर अवमानाची कारवाई झाली, संप चालूच राहिला. ३ एप्रिलला आणखी एका कोर्टानं किंगना मोर्चा काढायला मनाई केली. त्या रात्रीच्या सभेत त्यांनी सांगून टाकलं की मनाई असली तरी आम्ही मागं फिरणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचे वकील कोर्टात भांडत होते, आणि अटी घालून मोर्चाला परवानगी द्यायला जज्ज तयार झाला होता. संध्याकाळी गोळी लागली. १६ एप्रिलला संप मिटला. युनियन मान्य झाली.

इथं कुणी म्हणेल, झालं तर मग. हुकूम अन्यायाचा असेल तर मोडायचा, प्रश्न सुटला.

सुटत नाही. कारण आपल्या घरातच याच्या उलटं उदाहरण आहे. महाड, डिसेंबर १९२७. मार्चमध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. डिसेंबरमध्ये पुन्हा तळ्यावर जायचं ठरलं. हजारो माणसं आली, तुरुंगात जायच्या तयारीनं. पण स्पृश्यांनी आधीच दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणून ठेवला होता. तळं आमचं खाजगी आहे म्हणून. आणि बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला. मिरवणूक तळ्याभोवती फिरली, पाण्याला कुणी हात लावला नाही.

लहानपणी मला ह्या गोष्टीचा राग यायचा. का थांबले? एवढी माणसं, एवढा जोर, आणि एका मुन्सफाच्या कागदापुढं थांबले? आज वाटतं, ते थांबले म्हणजे नमले नव्हते. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. कोर्टाचा कागद पाळला आणि हजारो वर्षांचा कागद जाळला. हुकूम पाळताना त्यांनी हा हुकूम बरोबर आहे असं एकदाही म्हटलं नाही. "आमचं चुकलं" असं कुठं लिहून दिलं नाही. कोर्टात भांडले. मुंबई हायकोर्टाचा शेवटचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षांनी.

किंगनी हुकूम मोडला. बाबासाहेबांनी पाळला. दोघांनी जे केलं ते दिवसाढवळ्या केलं, आणि दोघांनीही आपल्या मनातलं खरं कोर्टाच्या पायाशी ठेवलं नाही. मला आज दिसतं ते हे. हुकूम पाळणं, हुकूम मोडून शिक्षा भोगणं, आणि "मी चुकलो" म्हणणं, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन माझ्या हातापायांच्या. कोर्टाला तिथवर अधिकार आहे. हात कामाला लाव म्हणेल, पाय तुरुंगात टाक म्हणेल. तिसरी गोष्ट माझ्या आतली. तिथं कुठल्याच कोर्टाचा बेलीफ पोचत नाही. मी मात्र ती आपण होऊन काढून दिली. टाईप करून.

आता दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. आमच्या वस्तीतला एक म्हातारा कार्यकर्ता मला म्हणाला, "पोरा, कोर्टाचा हुकूम मोडायला आपण शिकवलं, तर गावचा पाटील आपल्या आधी शिकेल." त्याचं म्हणणं खोटं नाही. १९५७ साली अमेरिकेत लिटल रॉकला काळ्या पोरांना शाळेत घ्या असा कोर्टाचा हुकूम होता. गव्हर्नरनंच शिपाई उभे करून तो अडवला. शेवटी राष्ट्राध्यक्षाला फौज पाठवावी लागली. आपल्याकडं तर किमान वेतन असो, गायरान असो, राखीव जागा असो, कोर्टाच्या कागदाशिवाय आपल्याकडं काय आहे? पाटलाकडं जमीन आहे, पैसा आहे, जात आहे. आपल्याकडं कागद आहे. कागदाची किंमत गेली तर पहिले मरणार आपण. बाबासाहेब महाडला थांबले त्यात हा हिशेबही असणार.

म्हणून हुकूम मोडणं ही फुशारकीची गोष्ट नाही. झाडूवाल्याच्या संपात कचरा बंगल्यासमोर कमी साचतो, झोपडपट्टीत जास्त. आमच्याच गल्लीत दोन पोरं तापानं फणफणली होती त्या आठ दिवसांत. हे मी लपवत नाही. ज्याला हुकूम मोडायचाय त्यानं ह्याचा हिशेब मांडावा, उघड मोडावा, आणि शिक्षेला तयार असावं. पाटील हुकूम मोडतो तेव्हा पळवाट शोधतो, साक्षीदार फोडतो. दोघांतला फरक तिथं आहे.

पण संपाचं एक वेगळं दुखणं आहे, ते कोर्टाला दिसत नाही. चवदार तळं दहा वर्षं जागेवर थांबलं. चूल दहा दिवस थांबत नाही. "आधी पाळा, मग भांडा" हे ज्याच्या घरात धान्य आहे त्याला परवडतं. संप दुधासारखा असतो. तारीख पडेपर्यंत नासून जातो. कोर्ट "तूर्त" म्हणतं, आणि त्या तूर्तमध्ये संप कायमचा मरतो.

बाबासाहेबांना हे पुरतं माहीत होतं. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात औद्योगिक कलहाचं बिल आलं तेव्हा त्यांनी सांगितलं की काम सोडणं हा फार तर कराराचा भंग. तो फौजदारी गुन्हा करणं म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबवणं, म्हणजेच गुलामी. संपाचा हक्क त्यांनी स्वातंत्र्याच्या हक्काशेजारी बसवला. आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला त्या बिलाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला. महाडला कोर्टाचा हुकूम पाळणारा माणूस तोच. त्याला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या: कधी थांबायचं, आणि कुठल्या गोष्टीला गुन्हा म्हणू द्यायचं नाही.

२००३ साली आपल्या सुप्रीम कोर्टानं तमिळनाडूच्या सरकारी नोकरांच्या खटल्यात म्हटलं की त्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, कायद्यानं दिलेला नाही, नैतिक हक्कसुद्धा नाही. पालिकेच्या वकिलानं आमच्याविरुद्ध हाच निकाल वाचून दाखवला. मी मनात म्हटलं, वा! पगार मागताना आम्ही पालिकेचे नोकर नव्हतो. संप मोडताना झालो. पण मला टोचला तो 'नैतिक' हा शब्द. कायद्यात हक्क आहे की नाही हे कोर्टानं सांगावं, ते त्याचं काम. नीती कुणाची हे मात्र ज्यानं गटारात उतरून बघितलंय त्यालाही विचारावं लागेल. एसटीच्या कामगारांनी २०२१ च्या ऑक्टोबरअखेर संप केला, महामंडळ अवमानाची याचिका घेऊन हायकोर्टात गेलं, २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर या असं कोर्टानं सांगितलं, माणसं परतली. इतके महिने बिनपगारी घरी बसलेल्या कंडक्टरला नीती नव्हती असं कोण म्हणेल?

आणि हुकूम न पाळण्याचीच गोष्ट काढलीय तर पुरती काढू. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हातानं मैला उचलणं बंद करा, १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला पुन्हा सांगावं लागलं, आणि रक्कम तीस लाख केली. त्यानंतरही माणसं गटारात गुदमरून मेली. हा हुकूम कोण मोडतंय? आमचा तीन दिवसांचा खाडा म्हणजे अवमान. साहेब लोकांचा वर्षानुवर्षांचा खाडा म्हणजे अंमलबजावणीतली दिरंगाई. आमच्या नोटिसा पंधरा दिवसांत निघाल्या होत्या.

बऱ्याच वर्षांनी मी तो १९७१ चा कायदा स्वतः बसून वाचला. कलम बारा. त्यात स्पष्टीकरण आहे की माफी प्रामाणिकपणे मागितलेली असेल तर ती सशर्त आहे एवढ्याच कारणावरून नाकारू नये. म्हणजे कायद्यानं खरं बोलायला जागा ठेवलेली होती. "साहेब, तुमचा हुकूम आम्ही मोडला हे खरं. कोर्टाला कमी लेखायचं आमच्या मनात नव्हतं. पण पोटात अन्न नव्हतं, आणि पगार मागणं चूक होतं असं आम्ही म्हणणार नाही." एवढं लिहिता आलं असतं. कदाचित जज्जनं ऐकलं असतं. कदाचित आठ दिवस आत टाकलं असतं. पण कोर्टाच्या दप्तरात आमचं खरं राहिलं असतं. आज तिथं अकरा माणसांचा पश्चात्ताप फाईल होऊन पडलाय, आणि तो खोटा आहे.

मी वकिलाला दोष देत नाही. अंगठा देणाऱ्या बायांना तर मुळीच नाही. घरात दुधावरचं पोर असलेल्या बाईनं खरं बोलण्यासाठी तुरुंगात जावं असं सांगणारा मी कोण? दोष माझा. मला लिहिता येत होतं. पिढ्यानपिढ्या आमचे आजे-पणजे वाड्यापुढं "जोहार मायबाप" म्हणत वाकले. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या तोंडात शब्द दुसऱ्यांनी घातले. मी शिकलो, आणि तेच शब्द टाईप झालेले पाहून खाली सही केली. कोर्टाला न्याय करायचा तर त्याच्यापुढं खरं यायला पाहिजे. त्याच्यापुढं खोटं ठेवणं हाच त्याचा खरा अवमान, आणि तो मी केला.

आई आता नाही. हल्ली कंत्राटावरची नवी पोरं कधी कधी नोटीस घेऊन येतात. मी त्यांना हुकूम मोडा म्हणत नाही, पाळा म्हणत नाही. ते त्यांनी आपल्या चुली बघून ठरवावं. मी एवढंच सांगतो. कागद पूर्ण वाचा. मोडलात तर मोडला म्हणा. माफी मागायची तर ज्याची वाटते त्याचीच मागा. आणि पगाराचं त्यात लिहिलेलं नसेल, तर उरलेला अर्धा तुम्ही लिहा. सही त्याच्याखाली करा.